आधी आंबट की आधी खोकला?

संपादकांचा फोन जूनमध्येच आला. "डॉक्टर, यंदा दमा आणि ॲसिडिटीवर लिहा. दोन हजार शब्द. आणि एक विनंती, 'मी' जरा आवरा. गेल्या वर्षीच्या लेखात आम्ही मोजले, ३१ निघाले." म्हणून या लेखात 'मी' नाही. आहे तो प्रस्तुत लेखक: इंदुरात २८ वर्षं लोकांच्या छात्या तपासणारा आणि हल्ली खोकल्यापेक्षा व्हॉट्सॲपवरच्या नुसख्यांनी जास्त हैराण होणारा एक डॉक्टर. विषय संपादकांनी सुचवला खरा, पण तो लेखकाच्या मानगुटीवर एप्रिलपासूनच बसला होता. कारण नाना.

नाना इंदुरातल्या रामबागेत राहतात. (नाव खरं नाही. पण रामबागेत 'नाना' अशी हाक मारली तर चार खिडक्या उघडतील, तेव्हा हरकत नसावी.) वय ६१, नोकरीतून निवृत्त, दमा चाळिशीपासूनचा. जानेवारीत आले तेव्हा तक्रार अशी होती: रात्री दोन-अडीचला खोकल्याने जाग येते, छातीत शीळ वाजते, घशाशी आंबट येतं, उठून बसलं की तासाभराने उतार पडतो. सकाळी माणूस पोहे-जिलबी खायला तयार. पंप दोन वर्षांपासून चालू होता. शिवाय धाप लागली की घ्यायची डेरिफायलिनची गोळी होतीच. ती तर मालव्यात घराघरांतल्या देवघराशेजारच्या डब्यात असते.

ही तक्रार या शहराला नवी नाही. सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं रात्री बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर कढया चढतात, आणि मग मध्यरात्र उलटेपर्यंत भुट्ट्याचा कीस, दहीवडा, मालपुवा, रबडी यांची रांग हलत नाही. ज्या शहरात पाहुण्याला रात्री अकराला 'चला, काहीतरी खाऊन येऊ' म्हणतात, तिथे छातीच्या डॉक्टरला पोटाबद्दल बोलावंच लागतं.

नानांची २४ तासांची पीएच तपासणी करायचं ठरलं. नाकातून शेवईएवढी तार अन्ननलिकेत उतरवतात. तिच्या टोकाशी आम्लता मोजणारा संवेदक असतो आणि दुसरं टोक कमरेच्या डबीला जोडलेलं. डबीवर बटणं: जेवलात की एक, आडवे झालात की दुसरं, खोकला आला की तिसरं. सूचना एकच, रोज वागता तसंच वागा. बहुतेक रुग्ण त्या दिवशी पथ्याची खिचडी खाऊन घरी बसतात आणि तपासणी फुकट घालवतात. नाना प्रामाणिक निघाले. शनिवार होता, शनिवारी मित्रांबरोबर सराफा ठरलेला. गालावर चिकटपट्टी, नाकातून तार, अशा अवतारात ते रात्री साडेअकराला गराडूच्या कढईसमोर उभे राहिले. गराडू हा थंडीतला कंद. त्याचे तुकडे एकदा तळून परातीत रचून ठेवतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत सोडतात, बाहेरून कुरकुरीत आणि आतून पिठूळ होईपर्यंत. वर जीरावन मसाल्याची चिमूट आणि लिंबू. दुकानदाराने झारा थांबवून विचारलं, "भिया, ये क्या लगवा लिया?" नाना म्हणाले, "अंदर का कैमरा है, तेरा तेल देख रहा है." हा किस्सा त्यांनी लेखकाला तीनदा सांगितला आहे.

दुसऱ्या दिवशी आलेख संगणकावर उघडला. निरोगी अन्ननलिकेत पीएचची रेषा सहा-सातच्या आसपास चालते, जठरातलं आम्ल वर आलं की ती धाडकन चारच्या खाली जाते. नानांची रेषा दिवसाच्या ११ टक्के वेळ चारच्या खाली होती. सहा टक्क्यांच्या वर गेलं की शंकेला जागा उरत नाही. एक वाजून पंधरा मिनिटांनी रेषा कोसळली आणि एक बावीसला खोकल्याचं बटण. असं चार वेळा. लेखकाने स्क्रीनवर पेन ठेवून ते चार दाखवले. बाहेर बाकावर अजून ३० माणसं होती. "नाना, गडबड पोटाची आहे," असं लेखक म्हणाला, आणि ते वाक्य पूर्ण खरं नव्हतं.

ते का, हे सांगायचं तर थोडं शरीरात उतरावं लागेल. वाचकांनी कंटाळा आला तर चार परिच्छेद गाळावेत. लेखक गाळू शकत नाही.

जठरात दिवसाला दीड-दोन लिटर पाचक रस तयार होतो, लिंबाच्या रसाइतका आणि कधी त्याहूनही तीव्र. जठराला आतून चिकट अस्तर आहे, त्यामुळे त्याला तो सोसतो. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही, म्हणून तिच्या तळाशी स्नायूचं एक कडं आणि बाहेरून श्वासपटलाची पकड, असा दुहेरी बंदोबस्त आहे. तो ढिला पडला की रस वर येतो. श्वासनलिका तर याहून नाजूक. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये ४४ हजारांहून अधिक प्रसूतींच्या नोंदी तपासून ६६ बायका शोधल्या. भूल दिलेली असताना त्यांच्या पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं होतं, आणि ज्यांच्या फुप्फुसात आम्लाचा द्रव गेला त्यांना दम्यासारखा झटका आला होता. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवतात म्हणून ज्यांची चिडचिड होते, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता आम्ल दमा कसा चेतवतं? दोन वाटा सांगतात. एक सरळ गळतीची: झोपेत सूक्ष्म थेंब घशातून श्वासनलिकेत उतरतात. दुसरी नसेची. गर्भात चौथ्या आठवड्याच्या सुमारास श्वासनलिका अन्ननलिकेच्याच मूळ नळीतून कोंबासारखी फुटते. दोघी सख्ख्या बहिणी, दोघींना वेगस ही एकच लांब भटकी नस. एकीला चटका बसला की दुसरी आकसते. १९८४ साली मांजरांवर एक प्रयोग झाला. अन्ननलिकेत १० मिलिलिटर आम्ल सोडल्यावर श्वासमार्गाचा रोध जेमतेम दीडपट झाला. श्वासनलिकेत ०.०५ मिलिलिटर, म्हणजे एक थेंब, आणि रोध साडेचार पटींहून वर. थेंबाची ताकद पाहावी.

इथवर सगळं नानांच्या त्या चार बटणांशी जुळतं. पण खोकल्याचं बटण त्या रात्री नऊ वेळा दाबलं गेलं होतं. उरलेल्या पाचांत क्रम उलटा होता. तीन चाळीसला बटण, तीन त्रेचाळीसला आम्ल. आधी खोकला, मग आंबट.

उलटी वाटही तितकीच पक्की आहे. दम्याच्या झटक्यात माणूस जोर लावून हवा ओढतो. छातीतला दाब उतरतो, पोटातला चढतो आणि रस वर खेचला जातो. फुप्फुसं फुगून राहिली की श्वासपटल सपाट होतं आणि कड्यावरची त्याची पकड सुटते. त्यात औषधं! डेरिफायलिनमधलं थिओफायलिन श्वासनलिकेचे स्नायू सैल करतं तसं अन्ननलिकेचं कडंही सैल करतं, वर जठरातलं आम्ल वाढवतं. म्हणजे नाना धापेवर जी गोळी घेत होते, ती घशाशी येणाऱ्या आंबटाला दार उघडून देत होती. त्यातून पहाटे चारच्या सुमारास दमेकऱ्याच्या श्वासनळ्या एरवीही सर्वांत अरुंद असतात. तो शरीराच्या घड्याळाचा खेळ आहे, तिथे सराफ्याचा संबंध नाही. दमेकऱ्यांत सुमारे ५९ टक्क्यांना आणि इतरांत ३८ टक्क्यांना आम्ल वर येण्याची लक्षणं असतात, असं २००७ साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडलं गेलं. दोन गोष्टी सोबत राहतात इतकंच त्यातून कळतं. सासरी कोण आणि माहेरी कोण, हे नाही.

आता लेखकाचा आवडता वाद. संपादक इथे कात्री लावणार याची खात्री आहे.

१९८८ साली स्वीडनमध्ये ओमेप्रॅझोल बाजारात आलं. आम्लाचा पंपच बंद करणारी ही गोळी म्हणजे छातीच्या डॉक्टरांना लॉटरी वाटली. तर्क साधा होता: दमेकऱ्यात आम्ल वर येतं, गोळी आम्ल थांबवते, तेव्हा गोळीने दमा सुधारेल. काही छोट्या अभ्यासांत तसं दिसलंही. मग एक पाऊल पुढे टाकलं गेलं. ज्यांना जळजळ नाही, आंबट नाही, पण दमा आवरत नाही, त्यांच्यात 'मुका रिफ्लक्स', म्हणजे न जाणवता वर येणारं आम्ल, असेल, त्यांनाही गोळी द्या. प्रस्तुत लेखकाने ती दहा वर्षं सढळ हाताने दिली. इंदुरातल्या परिषदेत त्यावर स्लाइड्सही दाखवल्या, टाळ्या घेतल्या.

२००९ मध्ये अमेरिकन लंग असोसिएशनच्या संशोधन केंद्रांनी ४१२ रुग्ण घेतले. दमा आवरत नाही, पण जळजळ नाही किंवा अगदी थोडी, असे. निम्म्यांना इसोमेप्रॅझोल ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. २४ आठवडे. पीएच तपासणीत सुमारे ४० टक्के रुग्णांत मुका रिफ्लक्स खरोखरच सापडला, आणि गोळीने त्यांच्या दम्यात काडीचा फरक पडला नाही. झटके तितकेच, जागरणं तितकीच. २०१२ मध्ये ३०६ मुलांवर लॅन्सोप्रॅझोलचा असाच प्रयोग झाला; फायदा शून्य आणि गोळी घेणाऱ्या मुलांना श्वसनमार्गाचा संसर्ग जास्त. जठरातलं आम्ल जंतूंनाही मारतं, हे आम्ही सोयीने विसरलो होतो. त्याआधी २००६ मध्ये ७७० रुग्णांच्या अभ्यासात मात्र, ज्यांना जळजळही आहे आणि रात्रीचा दमाही आहे, त्यांच्यात फुंकर मारण्याची ताकद थोडी सुधारली होती. थोडी. आज जगभरातल्या मार्गदर्शक सूचनांचं म्हणणं एका ओळीत मावतं: जळजळीची लक्षणं असतील तर जळजळीसाठी गोळी द्या, लक्षणं नसतील तर दम्यासाठी म्हणून देऊ नका.

लेखकाला हे पटायला २०१५ उजाडलं. कारण शास्त्रीय नव्हतं. स्लाइड्स सुंदर होत्या.

गंमत म्हणजे, नातं आहे हे फार जुन्या लोकांना दिसलं होतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उचकी आणि श्वास यांचा एकत्र अध्याय आहे. हे विकार कफ-वाताचे असले तरी उगम पित्ताच्या स्थानी, असं तिथे म्हटलं आहे, आणि पित्ताचं स्थान म्हणजे पोटच. तमक श्वासाचा, म्हणजे दम्याचा, रोगी आडवा झाला की घुसमटतो, बसला की सुखावतो. ढग, पाऊस, गार वारा यांनी हा विकार वाढतो. हे वर्णन वाचताना लेखकाला बाहेरच्या बाकावरची माणसं दिसतात. विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ च्या प्रसिद्ध वैद्यकग्रंथातही, गच्च पोटाने झटका येतो, तेव्हा दमेकऱ्यांनी मोठं जेवण दुपारीच उरकावं, असा सल्ला आहे. ऑस्लर सराफ्यात आले नव्हते, तरी त्यांना कळलं.

पण पोटाचा संबंध कळणं वेगळं आणि सगळं पोटाच्या माथी मारणं वेगळं. आपल्याकडे 'गॅस' हा शब्द डोकेदुखीपासून हृदयविकारापर्यंत कशालाही चालतो. गॅस डोक्यात चढतो, पाठीत अडकतो, गुडघ्यात उतरतो. इनोची पुडी फुटली की फेसाबरोबर निदानही होतं. उलट 'दमा' म्हटलं की घरात शांतता पसरते, मुलीच्या लग्नाचा विषय निघतो, पंप पदराआड जातो. "डॉक्टर, पंपाची सवय लागेल ना?" हे वाक्य लेखकाने इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता तो उलट विचारतो, "चष्म्याची लागली का?" कोजागरीच्या रात्री चित्रकूटला आणि मध्य प्रदेशात इतरत्रही दम्याचं औषध घातलेली खीर देतात, आणि ती खाऊन लोक रात्रभर जागतात. खिरीबद्दल लेखक बोलणार नाही. मात्र मध्यरात्री दुधाचं खाऊन आडवं न होण्याची अट ज्याने कुणी घातली, त्याला पोट आणि छातीचं काहीतरी ठाऊक असावं. दुसऱ्या दिवशी पंप फेकून देतात, तिथे गाडी घसरते. देशात दम्याचे रुग्ण साडेतीन कोटींच्या घरात आहेत, जगाच्या सुमारे १३ टक्के. जगात दम्याने जे मरतात त्यांत मात्र आपला वाटा ४० टक्क्यांहून अधिक. माणसं मरतात ती बहुतेक पंपावाचून.

म्हणून एप्रिल.

गहू निघाला होता आणि शहराभोवतीच्या शेतांत नरवाई, म्हणजे गव्हाची उरलेली धसकटं, पेटवली जात होती. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर सोडत नाही, पण शेतातला धूर महापालिकेची हद्द विचारत नाही. नानांकडे नात्यातलं लग्न होतं. रात्री साडेदहाला पंगत, डाळ-बाफले, वर तुपाची धार, शेवटी लाडू. दोन वाजून दहा मिनिटांनी लेखकाचा फोन वाजला. वहिनी होत्या.

"डॉक्टरसाहेब, यांची ॲसिडिटी फारच वाढलीय. बारापासून बसलेत. पॅन-डी दिली, दोनदा इनो दिलं, थंड दूध दिलं. काही उतरत नाहीये."

लेखकाने नानांना फोन द्यायला सांगितलं. पलीकडून "डॉक्... टर" असं आलं. मध्ये एक अख्खा श्वास होता.

"पंप द्या. पहिल्यांदा पंप द्या."

"पंप तर फेब्रुवारीतच बंद केला ना. तुम्हीच म्हणालात, पोटाचं आहे." मग त्या जरा धीराने म्हणाल्या, "पण आता घरघर थांबलीय. मघाशी फार वाजत होती."

घरघर थांबणं हे या रोगातलं सर्वांत वाईट चिन्ह आहे. शीळ वाजायलासुद्धा हवा लागते. रुग्णालयात पोचल्यावर लेखकाने नानांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा डाव्या बाजूला काहीच ऐकू आलं नाही, उजव्या बाजूला दूर कुठेतरी दार करकरल्यासारखं. नाना पलंगाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते, खांदे कानांपर्यंत चढलेले, सदऱ्यावर बाफल्याच्या तुपाचा डाग. ऑक्सिजन ८४. मग जे करायचं ते झालं: ऑक्सिजन, लागोपाठ नेब्युलायझर, शिरेतून स्टेरॉइड, मॅग्नेशियम. पहाटे पाचला छातीत पुन्हा शीळ वाजायला लागली आणि लेखक खुर्चीत बसला. चार दिवस अतिदक्षता विभागात काढून नाना घरी गेले.

आठवड्याने दोघं तपासायला आले. वहिनींनी पिशवीतून जानेवारीचा कागद काढून टेबलावर ठेवला. लेखकाचंच अक्षर. वर ठळक 'रिफ्लक्स' आणि पुढे तीन अधिक चिन्हं, तीही दोनदा गिरवलेली. खाली पॅन्टोप्रॅझोल, रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. डेरिफायलिन बंद. आणि अगदी तळाशी, सहीला चिकटून, रोमन लिपीत तीन अक्षरं: सीएसटी.

"हे काय आहे?" वहिनींनी विचारलं.

आम्ही डॉक्टर मंडळी 'आधीची औषधं तशीच चालू ठेवा' हे असं तीन अक्षरांत लिहितो. वाचायला लेखकाला स्वतःलाच क्षणभर लागला.

"आम्हाला वाटलं सीटी स्कॅन," वहिनी म्हणाल्या. "खर्चाचं काम. म्हटलं, लग्न झाल्यावर बघू."

पोटाची गोळी आणि विटा यांनी नानांना फेब्रुवारीत खरंच बरं वाटलं होतं, हेही नोंदवायला हवं. आंबट थांबलं, खोकला निम्मा झाला. म्हणूनच पंप सुटला. लेखकाचं निदान पूर्ण चुकलं असतं तर नाना पुन्हा आले असते. ते अर्धं बरोबर होतं, म्हणून आले नाहीत. त्या आलेखातले चार मोजताना पाच कसे दिसले नाहीत, याचं उत्तर 'बाहेर गर्दी होती' असं लेखक देत आला आहे. ते उत्तर त्याला आता तितकंसं पटत नाही.

नानांचं सध्या असं चाललं आहे. पंप दोन वेळा, आणि पंपावरचा, किती डोस उरले ते दाखवणारा आकडा वहिनी दर रविवारी डायरीत लिहितात. पॅन्टोप्रॅझोल आठ आठवड्यांनी बंद केलं, कारण जळजळ उरली नव्हती. डोक्याकडे विटा आहेत. आधी नानांनी विटांऐवजी तीन उशा रचल्या होत्या, त्याने पोट दुमडून उलट दाब वाढतो हे सांगावं लागलं. झोपतात डाव्या कुशीवर, कारण त्या बाजूला जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं. औषधांचा कागद आता संगणकावर छापून मिळतो, मराठीत आणि हिंदीत. छपाईचं यंत्र आठवड्यातून दोनदा अडकतं.

सप्टेंबरच्या शेवटी नाना आले, फुंकर मीटरवर ३८० पर्यंत मारून दाखवली आणि खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दिवाळी आली. गराडू सुरू होतील आता."

लेखकाने कडक चेहरा करून सांगितलं, खा, पण सातच्या आत, आणि मग तीन तास आडवं व्हायचं नाही.

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सात वाजता सराफ्यात सोनं मिळतं हो फक्त."